बीडीएसला असाल तर निवेदन लिहायलाही शिका

बीडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यक पदवीच्या, इंटर्नशिपमध्ये ओरल मेडिसिनच्या (तोंडाच्या आजारांच्या) ओपीडीत २२ वर्षांचा एक रिक्षावाला आला होता. "मॅडम, जरा तिखट खाल्लं की तोंडाची आग आग होते." तोंड उघडायला सांगितलं, तर माझी दोन बोटंही आत जाईनात. कॅलिपर लावला, १८ मिलिमीटर. निरोगी माणसाचं चाळिसच्या आसपास उघडतं. गाल आतून पांढुरके पडलेले आणि बोट फिरवलं की दोरीसारखे कडक पट्टे लागत होते. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गुटखा-सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर कडक होत जाण्याचा आजार. गुटख्याची पहिली पुडी कुठं घेतली, विचारलं. म्हणाला, "शाळेच्या गेटवर. नववीत होतो."

त्याला व्यायाम समजावले, गोळ्या लिहून दिल्या. पण गेटवरच्या टपरीवर माझ्याकडे काहीच इलाज नव्हता.

मग वाचायला लागले. महाराष्ट्रात गुटखाबंदी पहिल्यांदा २००२ मध्ये आली. २००४ मध्ये ती सुप्रीम कोर्टात टिकली नाही. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत खाद्यपदार्थात तंबाखू चालणार नाही असं आलं आणि त्या आधारावर २०१२ च्या जुलैत राज्यात पुन्हा बंदी झाली. पण हा आदेश एका वर्षाचा असतो, दरवर्षी नव्याने काढावा लागतो. कंपन्यांनी तोवर बंदी चुकवायला पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घातला. गिऱ्हाईक तळहातावर दोन्ही मिसळतं. हे सगळं मला चौथ्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं. टाटा मेमोरियलचे डॉ. पंकज चतुर्वेदी शस्त्रक्रिया करता करता तंबाखूच्या रुग्णांचा आवाज सरकारपर्यंत नेत राहिले. तोंड रोज बघणारी माणसं आपण, मग आपण गप्प का?

"राजकारणात पडू नका, आधी पास व्हा," असं तुम्हालाही सांगतील. पास व्हायचंच आहे. पण आपल्या डिग्रीचे नियमही राजकारणातच ठरतात. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. त्यात एक्झिट टेस्ट, म्हणजे प्रॅक्टिसच्या परवान्यासाठीची परीक्षा आहे, खासगी कॉलेजांतल्या निम्म्या जागांच्या फीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. आमच्या बॅचला हे व्हॉट्सअॅप फॉरवर्डवरून कळलं, मूळ कायदा कुणीच उघडला नव्हता. नियमांचा मसुदा हरकती-सूचनांसाठी येईल तेव्हा तो वाचा आणि मुदतीत लेखी कळवा. नुसता ग्रुपवर संताप करून तो कुणाच्या टेबलावर पोचत नाही.

आम्ही पाच इंटर्न त्या गेटवर गेलो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकता येत नाही. एका सिव्हिलवाल्या मित्राची ३० मीटरची टेप आणली. तिसऱ्यांदा टेप पसरायच्या आत तीन टपऱ्या लागल्या.

पहिलं निवेदन चार पानी लिहिलं, आठ मागण्या. एका कार्यालयात ते आमच्यासमोरच गठ्ठ्यात गेलं. दुसऱ्या वेळी एकच पान, एकच मागणी: या तीन टपऱ्यांवर कारवाई करा. सोबत हाताने काढलेला नकाशा, मुख्याध्यापिकांची सही आणि तीन महिन्यांत आमच्या ओपीडीत आलेल्या अशा रुग्णांची संख्या. नाव एकाही रुग्णाचं नाही, हे कधीच विसरू नका. नगरसेवकांना भेटलो, विरोधी पक्षाच्यांनाही भेटलो. कुणाच्याही गळ्यातला पट्टा आपल्या गळ्यात घालून घ्यायचा नाही. आणि निवेदन दिलं की आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. महिनाभर हालचाल दिसली नाही, तेव्हा दहा रुपये भरून त्याच क्रमांकावर माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. त्या मुदतीतच पथक आलं.

दोन टपऱ्या हलल्या. तिसरी अजून तिथंच आहे. इंटर्नशिप संपली त्या दिवशी पोचपावत्यांची फाईल आणि ती टेप ज्युनियर बॅचच्या हातात दिली. पुढचा अर्ज त्यांनी गेल्याच आठवड्यात टाकलाय.