पाकिटात घमघमाट, कपात काहीच नाही: फ्लेवर्ड चहा चाखताना या चुका टाळा

चार-पाच तऱ्हेचे फ्लेवर्ड चहा एकदम मांडले की पहिले दोन कप मजेत जातात. तिसऱ्यापासून सगळे सारखेच लागू लागतात आणि शेवटी ‘पुदिन्याचा बरा होता’ यापलीकडे काही सांगता येत नाही. यात जिभेचा दोष नसतो, बहुतेकदा चहाचाही नसतो. फ्लेवर्ड चहाच्या कपात दोन वेगळ्या गोष्टी असतात: पत्ती आणि तिला दिलेला वास. दोन्ही एकाच मापाने मोजल्या की तुलना फसते. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच आहे.

साधा चहा सोबत न ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यांत मोठी चूक. अर्ल ग्रेचंच घ्या. काळ्या चहाला बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीच्या तेलाचा वास दिलेला असतो. हे फळ मुख्यतः दक्षिण इटलीतल्या कॅलाब्रियात पिकतं. आता कप कडवट लागला, तर तो कडवटपणा तेलाचा की पत्तीचा? नुसता अर्ल ग्रे पिऊन हे ठरवणं अवघड आहे. शेजारी साध्या काळ्या चहाचा कप असेल, तेवढ्याच मापाचा आणि तेवढाच वेळ मुरवलेला, तर एकेका घोटात उलगडा होतो. साधाही तितकाच कडू असेल, तर आधी आपला वेळ आणि पाणी तपासायचं. साधा नितळ आणि अर्ल ग्रे मात्र कडू असेल, तर त्यात वापरलेली पत्ती हलकी आहे किंवा तेल जास्त झालं आहे.

तीच पत्ती बिनवासाची मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर त्याच जातीचा मध्यम चवीचा चहा चालतो: काळ्याशेजारी काळा, हिरव्याशेजारी हिरवा. हा कप एकदा चाखून बाजूला सारायचा नाही. दर दोन कपांनंतर त्याच्याकडे परत यायचं.

वास पत्तीत शिरला कसा, हेही जाणून घेण्यासारखं आहे, कारण त्यावर आपली अपेक्षा ठरते. मोगऱ्याच्या पारंपरिक चिनी चहात दिवसा खुडलेल्या कळ्या पत्तीत मिसळून ठेवतात. रात्री त्या उमलतात आणि सुटलेला वास पत्ती शोषून घेते. मग फुलं चाळून काढतात, आणि वरच्या प्रतीसाठी ताज्या कळ्या घेऊन हेच अनेक रात्री करतात. म्हणजे पाकिटात पाकळ्या भरपूर दिसल्या म्हणून तो चहा जास्त सुगंधी, असं मुळीच नाही. लापसांग सूचाँग या चिनी काळ्या चहाला पाइनच्या लाकडाचा धूर दिलेला असतो. बाजारातल्या बहुतेक फळांच्या आणि व्हॅनिलाच्या चहांत मात्र पत्तीवर सुगंधी अर्क फवारलेला असतो. त्यात दिसणारे सुक्या स्ट्रॉबेरीचे किंवा आंब्याचे तुकडे बरेचसे डोळ्यांसाठी असतात; तीन-चार मिनिटांत त्यांतून पाण्यात फारसं काही उतरत नाही. याला ठळक अपवाद जास्वंदीच्या जातीतल्या हिबिस्कसचा. तो रंगही देतो आणि खरा आंबटपणाही.

चमच्याने मोजणं

मोठ्या, सैल पानांचा एक चमचा आणि बारीक चुऱ्याचा एक चमचा यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. मग ‘हा चहा कडक, तो मिळमिळीत’ असा जो निकाल लागतो तो चहाचा नसून चमच्याचा असतो. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा एवढी एकच वस्तू या छंदासाठी मी आवर्जून घ्यायला सांगेन.

व्यावसायिक चाचणीसाठी चहा कसा करावा याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. ते पहिल्यांदा १९८० मध्ये आलं आणि २०१९ मध्ये सुधारलं गेलं. दर १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटं, असं त्याचं माप. पण ते जसंच्या तसं घरी उचलू नका. इतका कडक चहा पिण्याच्या आनंदासाठी नसतो. एका चहाची दुसऱ्याशी काटेकोर तुलना करता यावी, म्हणून ती पद्धत ठरवलेली आहे. घरी १५० ते २०० मिलिलिटरला २ ग्रॅम आणि तीन-चार मिनिटं पुरतात. महत्त्वाचं एवढंच, की सगळ्या कपांना माप एकच हवं.

इथे एक खोच आहे. ज्या मिश्रणात फळांचे तुकडे जास्त, त्याच्या २ ग्रॅममध्ये प्रत्यक्ष पत्ती कमी येते. तो कप फिका लागला तर लगेच शिक्का मारू नका. दुसऱ्या फेरीत ३ ग्रॅम घेऊन पाहा आणि तसं टिपून ठेवा. टी-बॅगचा प्रश्न उलटा. तिच्यातला चुरा बारीक असल्यामुळे चटकन उतरतो, त्यामुळे बॅग आणि सुटी पत्ती यांना एकच वेळ देणं बॅगेवर अन्याय करणारं ठरतं.

सगळ्यांवर सारखंच उकळतं पाणी

‘सगळ्यांना सारखी वागणूक’ म्हणून हिरव्या, काळ्या आणि वनस्पतींच्या चहावर एकच उकळतं पाणी ओतलं जातं. हिरवा चहा त्यात हकनाक कडू होतो. त्याला साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअस पुरे. काळ्याला उकळीच्या जवळचं आणि वनस्पतींच्या चहाला उकळतंच हवं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी आधी एका थंड भांड्यात ओता. दहाएक अंश सहज उतरतात. पुन्हा दुसऱ्या भांड्यात ओतलं की आणखी खाली येतं. खरं तर एका बैठकीत एकाच जातीच्या पत्तीचे चहा घेतले तर हा घोळच टळतो. चार लिंबू-हिरवे चहा एकमेकांशी ताडता येतात. एक लिंबू-हिरवा आणि एक चॉकलेट-काळा यांत कोण सरस, या प्रश्नाला उत्तर नाही.

झाकण न ठेवणं

पाकिट उघडताच खोली भरून टाकणारा वास कपात हरवतो, याचं सर्वांत सोपं कारण हेच. सुगंधी द्रव्यं उडून जाणारी असतात, म्हणून तर ती नाकापर्यंत पोचतात. उघड्या कपात चार मिनिटं मुरवलेल्या चहातली ती बरीचशी वाफेबरोबर निघून जातात. बशी झाकली तरी चालते. वेळ झाली की झाकण उचलून आधी त्याची आतली बाजू हुंगा. तिथे साठलेल्या थेंबांत वास अगदी स्पष्ट मिळतो. झाकूनही कप निर्गंधच राहिला, तर पाकीट जुनं किंवा नीट बंद न केलेलं असणार.

पुदिना आधी पिणं

क्रम चुकला की पुढचे सगळे कप वाया जातात. पुदिन्यातलं मेंथॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं, आणि तो गारवा घोट गिळल्यावरही बराच वेळ रेंगाळतो. त्यावर प्यायलेला मोगऱ्याचा नाजूक चहा गरम पाण्यासारखा लागतो. ज्येष्ठमधही असाच. पुष्कळ ‘साखरविरहित’ वनस्पती-मिश्रणांत तो असतो, आणि त्याची गोडी पुढच्या कपात घुसून त्यालाही गोड ठरवते. म्हणून घटकांची यादी चाखण्यापूर्वी वाचा, निदान क्रम लावण्यापुरती. फुलांचे आधी, मग लिंबूवर्गीय आणि फळांचे, मग व्हॅनिला-कॅरामल, त्यानंतर आलं-दालचिनी आणि धुराचे. पुदिना आणि ज्येष्ठमध अगदी शेवटी.

एका बैठकीत चार, फार तर पाच कप घ्या. चहाचा तुरटपणा घोटागणिक साचत जातो, कारण चहातले पॉलिफेनॉल लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात. दोन कपांमध्ये कोमट पाणी, साध्या पावाचा तुकडा आणि दोन-तीन मिनिटांची उसंत द्या. नाकही तसंच सरावतं. सलग हुंगत राहिलं की वास येईनासा होतो. खिडकीशी जाऊन मोकळ्या हवेत चार श्वास घेतले की ते पुन्हा ताजं होतं. अत्तर लावून बसू नका, सुवासिक साबणाने हात धुऊन बसू नका, आणि नुकतेच दात घासले असतील तर तासभर थांबा. टूथपेस्टला फेस आणणारा घटक गोडी दाबतो आणि कडवटपणा वाढवतो.

वाफाळता घोट

फार गरम चहात जीभ फक्त उष्णता ओळखते. ६५ अंशांहून गरम पेयांची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली आहे, तेव्हा घाई तशीही नको. ५० ते ६० अंशांवर पहिली फेरी करा आणि कोमट झाल्यावर दुसरी. ही दुसरी फेरी फार लोक टाळतात, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. गरम असताना झाकला गेलेला औषधी किंवा प्लॅस्टिकसारखा वास कोमट कपात उघडा पडतो, आणि चांगली पत्ती कोमट झाल्यावरही गोड राहते. घोट घेताना जरा सुर्रकन ओढा; हवेबरोबर वास घशामागून नाकात चढतो, आणि फ्लेवर म्हणून जे जाणवतं ते बरंचसं तिथेच.

पाकीट समोर ठेवून चाखणं

नाव वाचलं की चव सापडतेच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला होता, आणि वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. गडद लाल चहा दिसला की ‘बेरी’ आठवते, ती अशीच. कुणाला तरी कप भरायला सांगा आणि तळाशी खूण करा. एकटेच असाल तर खुणा करून कप डोळे मिटून फिरवा.

दोन चहांत खरोखर फरक जाणवतो का, हे पाहायचं असेल तर तीन कपांची चाचणी करा: दोन कपांत एक चहा, तिसऱ्यात दुसरा, आणि वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. सलग तीनदा बरोबर ओळखलं तर ती २७ त एकवर येते, म्हणजे फरक बहुधा खरा आहे. महागडा व्हॅनिला चहा आणि स्वस्तातला यांच्यावर ही चाचणी जरूर करावी.

टिपणात ‘छान’, ‘बरा’ एवढंच लिहू नका. वास, पत्ती, तुरटपणा आणि गिळल्यानंतर काय उरतं, याबद्दल एकेक शब्द पुरे. आवडलं की नाही ते वेगळ्या रकान्यात.

तरीही काही बिघडलं तर

*साबणासारखा किंवा अत्तरासारखा वास येतो.* आधी रिकाम्या कपात नुसतं गरम पाणी ओतून हुंगा. तिथेही तोच वास आला तर कप नीट विसळलेला नाही. तो नसेल तर चहाचं प्रमाण कमी करा. बर्गमॉटच्या तेलातले काही सुगंधी घटक लव्हेंडरमध्येही असतात आणि साबणांतही वापरले जातात, त्यामुळे जास्त झालं की नाक तिकडेच जातं.

*फळाचा चहा वासाला भरगच्च, चवीला पोकळ.* फळाचा वास आला की मेंदू गोडी आणि आंबटपणाची वाट पाहतो; कपात दोन्ही नसतात. चिमूटभर साखर घालून पाहा, फळ एकदम पुढे येतं. मात्र घालायची तर सगळ्या कपांत, समान मापाने.

*वर तेलकट तवंग दिसतो.* बहुतेकदा ते तेल नसतं. जड पाण्यातले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहाशी मिळून तो पापुद्रा तयार करतात. गाळलेलं, कमी क्षारांचं पाणी वापरा. पण पूर्ण क्षार काढलेलं पाणी चहा सपक करतं, तेव्हा मधला मार्ग बरा.

*दूध फाटलं.* यादीत हिबिस्कस शोधा. त्याची आम्लता दुधाला सोसत नाही. शिवाय दुधातलं केसिन हे प्रथिन तुरटपणा बांधून टाकतं, म्हणून तुलना आधी बिनदुधाची करावी.

*सगळ्याच चहांना पुदिन्याचा वास.* पत्ती आजूबाजूचे वास ओढून घेते, आणि एकाच डब्यात मांडलेल्या कागदी टी-बॅग तर आठवड्याभरातही एकमेकींचा वास उचलू शकतात. सिलिकॉनची आणि प्लॅस्टिकची गाळणीही वास धरून ठेवते, तेव्हा चाखण्यासाठी स्टीलची किंवा काचेची वापरा. विनाझिलईचं मातीचं चहापात्र फ्लेवर्ड चहासाठी नकोच. वास लागलेली पत्ती मोकळ्या हवेत पसरली तर पुदिना उतरेल कदाचित, पण तिचा मूळ वासही उतरेल. ती तुलनेतून काढून टाकलेली बरी. उरलेली पाकिटं घट्ट झाकणाच्या वेगवेगळ्या डब्यांत, उजेडापासून दूर ठेवा, उघडल्याची तारीख वर लिहा, आणि पुदिना, बर्गमॉट व धुराचा चहा यांना स्वतंत्र कप्पा द्या.