डिशच्या कामाला लागताय? आधी वरच्याची चौकशी करा

आयटीआय करून केबलच्या कंट्रोल रूमला लागलेली पोरं आल्या आल्या सिग्नल मोजायचं मीटर मागतात. मीटर शिकायला आठवडा पुरतो. उपग्रहाचं वागणं कळायला मात्र एखादा मार्च आणि एखादा ऑक्टोबर महिना बघावा लागतो.

दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ घ्या. ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर. नाशिकहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर येतो. गंगापूर रोडच्या गच्चीवरून नाशिकरोडच्या अंगाला तोंड करा. घरोघरची ऑफसेट डिश, म्हणजे जिचा फीड (सिग्नल टिपणारं तोंड) मधोमध नसून खालच्या बाजूला असतो ती, त्या मानाने बरीच उभी दिसते. नवखा ती उगाच मागे झुकवत बसतो.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा सिग्नल बुडतो. या उपग्रहासाठी आपल्याकडे वेळ सकाळी अकराच्या आगेमागे. स्ट्रेंथ जागेवर, क्वालिटी शून्यावर, आणि सिडकोतून काकूंचे फोन सुरू! मोठ्या छत्रीजवळ जाऊन बघा: फीडची सावली मधोमध पडलेली असेल. काहीही फिरवू नका, चहा घ्या. काही मिनिटांत चित्र परत येतं. दुसऱ्या उपग्रहावरच्या छत्रीची वेळ वेगळी, ती भिंतीवर लिहून ठेवा.

त्याच दिवसांत मध्यरात्रीच्या सुमारास उपग्रह पृथ्वीच्या सावलीतही जातो, जास्तीत जास्त सव्वा तास. तेव्हा तो बॅटरीवर चालतो. घरी कोणाला पत्ताही लागत नाही.

चंद्र-सूर्य त्याला सतत जागेवरून ओढतात. कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रातून त्याचे थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, चालवून त्याला ठिकाणावर ठेवतात. म्हणून सगळं धड असलं तरी इंधन संपत आलं की नोकरी संपली. फ्री डिशचा आधीचा उपग्रह इन्सॅट-४बी मार्च २००७ मध्ये अवकाशात गेला, आयुष्य १२ वर्षांचं धरलेलं. जुलै २०१० मध्ये सोलर पॅनेलकडून येणाऱ्या विजेत बिघाड झाला आणि निम्मे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारे संच, बंद पडले. बाकीच्यांवर गडी राबत राहिला. जानेवारी २०२२ मध्ये उरलेल्या इंधनावर त्याला नेहमीच्या कक्षेच्या सुमारे ३४० किलोमीटर वर ढकलून बंद केलं, म्हणजे कोणाच्या वाटेत यायला नको. जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ पासूनच त्याच अंशावर होता, त्यामुळे आपल्या गच्च्यांवरच्या डिश फिरवाव्या लागल्या नाहीत.