स्पिन क्रॉसओव्हरच्या पातळ थरांकडे वळताना

ठाण्यात एम.एस्सी. करून मी या विषयाकडे वळलो, तेव्हा आधार झाला तो पदवीच्या प्रात्यक्षिकांतील फेरॉइन या लाल निर्देशकाचा. त्यात लोह(II) भोवती तीन फेनॅन्थ्रोलीन हे लिगंड, म्हणजे धातूला जोडलेले रेणू, असतात आणि सहाही डी-इलेक्ट्रॉन जोडीने बसतात. मात्र एक फेनॅन्थ्रोलीन काढून दोन थायोसायनेट जोडले, तर लिगंडचे क्षेत्र नेमके इतके क्षीण होते की सुमारे 176 केल्विनच्या वर चार इलेक्ट्रॉन एकटे पडतात आणि संयुग समचुंबकी होते, म्हणजे चुंबकाकडे ओढले जाते. यालाच स्पिन क्रॉसओव्हर म्हणतात. त्या वेळी लोह-नायट्रोजन बंध सुमारे 0.2 अँगस्ट्रॉमने लांबतो, शेजारच्या रेणूंवर ताण येतो आणि भुकटीत तेही सोबतच बदलतात. पातळ थरात ही साथ सैल पडते, म्हणूनच भुकटीत एका झटक्यात होणारा बदल तेथे अनेकदा रेंगाळतो.

नवख्याने थेट थरापासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी भुकटी शुद्ध करावी. थायोसायनेट घालताच द्रावण रक्तासारखे लाल झाले, तर लोह(III) आले आहे हे ओळखावे. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाची चिमूट तेथे कामी येते. ऐरोली-ठाणे पट्ट्यातील पावसाळ्यात डेसिकेटरमधील (नमुने कोरडे ठेवण्याच्या बंद भांड्यातील) निळे सिलिका जेल ओलाव्याने पाहता पाहता गुलाबी होते, हेही गृहीत धरावे.

खरी कसोटी मापनाची. पाच मिलिमीटर बाजूच्या चौकोनी तुकड्यावरील 100 नॅनोमीटर जाडीच्या थराचे वस्तुमान जेमतेम तीन-चार मायक्रोग्रॅम भरते, तर त्याखालील अर्धा मिलिमीटर जाडीचे सिलिकॉन सुमारे 29 मिलिग्रॅम असते. सिलिकॉन प्रतिचुंबकी, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर सारले जाणारे, असल्यामुळे स्क्विड मॅग्नेटोमीटर या अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात त्याचा ऋण संकेत थराच्या संकेताला झाकून टाकतो. त्यामुळे सिलिकॉनच्या त्याच पत्र्यातून कापलेला, थर नसलेला कोरा तुकडा, त्याच पट्टीने चिकटवून, त्याच तापमानांना आधी मोजावा आणि त्याचा संकेत वजा करावा. मात्र केवळ या वजाबाकीवर विसंबू नये. थायोसायनेटच्या सी-एन बंधाचे अवरक्त शोषण थंड होतानाच्या अवस्थाबदलात सुमारे 2070 वरून 2110 प्रतिसेंटिमीटरच्या आसपास सरकते, आणि ही साक्ष पत्र्याच्या चुंबकत्वापासून मुक्त असते.

पीएच.डी.साठी प्रयोगशाळा निवडताना प्रकाशनांच्या संख्येआधी थंडाव्यासाठीच्या हीलियमचा पुरवठा किती आहे, आणि निर्वात-बाष्पीभवनाचे यंत्र आणि कमी तापमानाचा अवरक्त कक्ष आठवड्यातून किती वेळ हाती येईल, हे तेथील वरिष्ठ विद्यार्थ्यांनाच विचारावे.