किट कारमध्ये फ्युएल पंप आणि गेज बसवताय? आधी ओहम मोजा

किट कार, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून स्वतः बांधायची गाडी, बांधणारे नवे लोक फ्युएल पंपावर रात्र रात्र डोकं घालवतात आणि गेजचा, म्हणजे टाकीत पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या काट्याचा, विचार अगदी शेवटी, डॅशबोर्ड सजवताना करतात. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. इंजेक्शनच्या गाडीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो आणि पेट्रोलच त्याचं वंगण. टाकी कोरडी पडल्यावर तो तसाच फिरत राहिला तर कामातून जातो. टाकी कोरडी होत चाललीय हे सांगायला गाडीत दुसरं कुणी नसतं, फक्त तो काटा. तोच थापा मारत असेल तर पंप कितीही महागाचा आणा, उपयोग शून्य.

मी हे इंग्लंडात, कॉव्हेन्ट्रीजवळच्या एका भाड्याच्या गॅरेजात शिकलो. गाडी लोटस सेव्हन या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची, इंजिन आणि गिअरबॉक्स पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ मधून काढलेले. डोनर म्हणजे जिचे भाग काढून घेतले ती जुनी गाडी, चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा; बाकी तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. डोनरची टाकी चेसिसमध्ये बसेना, म्हणून ॲल्युमिनियमची उथळ टाकी बनवून घेतली आणि तिच्यावर डोनरचंच पंप-सेंडरचं युनिट चढवलं (सेंडर म्हणजे पेट्रोलची पातळी गेजला कळवणारा भाग). गेज मात्र जुन्या धाटणीचं गोल हवं होतं, ते दुसरीकडून मागवलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘युनिव्हर्सल’. हा शब्द दिसला की खिशावर हात ठेवा.

कारण सेंडर म्हणजे फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या तुकड्याच्या) दांडीला जोडलेला बदलता रेझिस्टर, बास; त्याचा विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजतात. फ्लोट हलला की ओहम बदलतात आणि गेज ते ओहम वाचून काटा हलवतं. गेजला लिटर कळत नाहीत. आणि किती ओहम म्हणजे टाकी रिकामी, यावर जगात एकमत नाही. युरोपातल्या व्हीडीओ (गेज बनवणारी जर्मन कंपनी) पद्धतीत रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. अमेरिकन धाटणीच्या सुट्या गेजांत उलटं, रिकामीला २४० आणि भरलेलीला ३३. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत ० ते ९०. जपानी गाड्यांत बहुधा रिकामीला शंभराच्या आसपास आणि भरलेलीला १० च्या आत.

व्हीडीओचा सेंडर २४०-३३ च्या गेजला जोडलात तर पेट्रोल ओतताना काटा खाली येतो. हे परवडलं. गडबड तिथल्या तिथे कळते, चार शिव्या हासडून माणूस गेज बदलतो. घात करते ती जपानी सेंडर आणि २४०-३३ चं गेज ही जोडी. दोघांची दिशा एकच. पेट्रोल ओतलं की काटा वर, कमी झालं की खाली, शंका यायला जागाच नाही. पण २४०-३३ च्या गेजवर अर्ध्या टाकीची खूण १०३ ओहमच्या आसपास असते, आणि माझा सेंडर कोरड्या टाकीत ९७ दाखवत होता. म्हणजे टाकीत थेंब नाही आणि काटा अर्ध्याच्या किंचित वर, अगदी ऐटीत. भरल्यावर तोच काटा ‘फुल’च्या पुढे जाऊन टेकायचा आणि मी त्यावर खूश होतो. गॅरेजात इंजिन चालू ठेवून आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा संथ वेग) लावत असताना पंपाची नेहमीची गुणगुण चढत गेली, मग दाताखाली खडा आल्यासारखी करकर, आणि इंजिन बंद. गेज अर्धी टाकी दाखवतंय, म्हणून मी स्पार्क शोधत बसलो आणि पुन्हा पुन्हा क्रँक करत राहिलो. पंप तेवढ्यात संपला.

तेव्हा काहीही टाकीत घालण्याआधी सेंडर टेबलावर ठेवा. मल्टिमीटरची एक पिन त्याच्या टर्मिनलला, दुसरी त्याच्या अर्थला लावा. फ्लोट तळाशी असताना किती, मधोमध किती, वर किती, ते टाकीवरच मार्करनं लिहा. मग गेज घ्या. मागे तीन टर्मिनल असतात: इग्निशनचे १२ व्होल्ट, सेंडर आणि अर्थ. सेंडरच्या टर्मिनलपासून अर्थपर्यंत साधे रेझिस्टर लावून बघा काटा कुठे थांबतो. सेंडरला थेट १२ व्होल्ट कधीही द्यायचे नाहीत, गंमत म्हणूनसुद्धा नाही. हे सगळं चहा थंड व्हायच्या आत उरकतं.

‘एक रेझिस्टर सिरीजमध्ये टाक, झालं काम’ असं सांगणारे खूप भेटतील. गणित करा. ९७ चे २४० करायला १४३ ओहम जोडले तर रिकामी टाकी रिकामी दिसते खरी, पण भरलेलीचे ७ चे १५० होतात आणि काठोकाठ भरलेली टाकी जेमतेम पाव दिसते. जुळणारं गेज घ्या, नाहीतर ओहम सेट करता येतील असं घ्या. पैसे जास्त पडतात, पंपापेक्षा कमी.

अर्थचंही सांगून ठेवतो. टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसते, युनिटच्या फ्लॅंजखाली (टाकीवर स्क्रूनं आवळायच्या कडेखाली) गॅस्केट असतं, त्यामुळे टाकीला आपोआप अर्थ मिळेल या भरवशावर राहू नका. फ्लॅंजच्या स्क्रूपासून चेसिसपर्यंत स्वतंत्र काळी वायर टाका. ती तुटली तर २४०-३३ चं गेज टाकी रिकामी दाखवेल, पण १०-१८० चं गेज भरलेली दाखवेल. दुसरं जास्त वाईट.

आता पंप. टाकी उथळ म्हणजे युनिटचा ब्रॅकेट कापून आखूड करावा लागतो आणि आतली होजही बदलावी लागते. इथे दुकानातली चांगली इंजेक्शनची होज, आर९ दर्जाची, आणून घालू नका. ती आतून पेट्रोल सोसते, बाहेरून नाही. बुडालेल्या अवस्थेत तिचं बाहेरचं रबर फुगतं आणि सुटतं. टाकीच्या आत आर१० हवी. फुटाला जी किंमत सांगतात ती ऐकून घाम फुटेल, पण लागते वीतभर. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, झालंय, त्यामुळे जुन्या साठ्यातली होज टाकीबाहेरही वापरू नका.

टाकीबाहेर पंप लावणार असाल तर तो टाकीच्या तळापेक्षा खाली आणि जवळ ठेवा. इंजेक्शनचा पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चा. क्लबातली जुनी जाणती माणसं सोन्यासारखी आहेत, मला वेल्डिंग त्यांनीच शिकवलं, पण त्यांचे बरेच सल्ले कार्ब्युरेटरच्या जमान्यातले. ‘बारीक फिल्टर पंपाच्या आधी’ हा त्यातलाच. तिथे जाड जाळीचा लावा आणि बारीक फिल्टर पंपानंतर, नाहीतर पंप उपाशी राहून ओरडतो. उलट वेबर कार्ब्युरेटरवाल्यांनी इंजेक्शनचा ३ बारचा पंप लावला तर कार्ब्युरेटरमधला पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह तो दाब धरूच शकत नाही आणि पेट्रोल बाहेर वाहतं. कार्ब्युरेटरला त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दाब पुरतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते आणि गॅरेजातल्या खड्ड्यात साचते. खड्ड्यावर गाडी उभी करून टाकी उपसू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही. दार उघडं ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह काढूनच युनिटला हात लावा.

एवढं वाचून धास्ती घेऊ नका. खरं काम दोन शनिवारचं आहे. शेवटी गाडी सपाट जागी उभी करून डब्यानं ५-५ लिटर ओता आणि दरवेळी काटा कुठे आला ते टिपून ठेवा. दांडी वाकवून अशी बसवा की काटा शून्यावर आला तरी पंपाच्या जाळीवर थोडं पेट्रोल उरेल.

पंपाला रिले (पंपाचा जास्त करंट झेलणारा विजेचा स्विच) द्या आणि डोनरमधून इनर्शिया स्विच मिळाला तर तोही सोडू नका. धडक बसली की तो पंपाची वीज तोडतो. बसवताना त्याच्यापर्यंत हात पोचेल असं बघा. बॉनेट आपटलं किंवा जॅक घसरला तरी तो स्विच कधीकधी ट्रिप होतो आणि पंप मेल्यासारखा गप्प बसतो. टाकी उघडण्याआधी त्याचं बटण एकदा दाबून बघा.