चाळीतल्या दोन खोल्या, दोन राउटर आणि मधला वायरलेस ब्रिज

गिरगावातल्या चाळीत माझ्या काकांच्या दोन खोल्या आहेत, पण त्या एकमेकींना लागून नाहीत. पहिली जिन्याजवळ आहे, दुसरी त्याच मजल्यावर गॅलरीच्या टोकाला, आणि मध्ये चार बिऱ्हाडे आहेत. फायबरचे कनेक्शन पहिल्या खोलीत आले. चुलतबहिणीचा अभ्यास, तिचा डेस्कटॉप संगणक आणि प्रिंटर मात्र टोकाच्या खोलीत राहिले. केबल ओढायची तर ती चार घरांच्या दारांवरून, कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांमधून आणि पावसाची झड येते त्या कठड्याजवळून न्यावी लागली असती, आणि सामाईक गॅलरी असल्यामुळे प्रत्येक बिऱ्हाडाची संमतीही घ्यावी लागली असती. दुसरे कनेक्शन घेणे म्हणजे दरमहा दुसरे बिल. म्हणून घरात पडून असलेला जुना राउटर वापरून दोन्ही खोल्यांमध्ये वायरलेस ब्रिज बसवला. ते काम कसे करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे येथे सविस्तर लिहीत आहे. जेथे केबल सहज टाकता येते तेथे मात्र केबलच टाकावी. साधी कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग देते आणि तिची बरोबरी घरगुती वायरलेस जोडणीला करता येत नाही.

आधी ब्रिज म्हणजे काय ते स्पष्ट असावे. राउटर नेहमीच्या पद्धतीने जोडला की तो स्वतःचे वेगळे नेटवर्क तयार करतो, आपल्या मागच्या उपकरणांना स्वतः पत्ते वाटतो आणि त्यांना बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवतो. ब्रिजमध्ये दुसऱ्या राउटरने हे काहीही करायचे नसते. त्याने फक्त हवेतून आलेला डेटा आपल्या लॅन पोर्टवर (घरातली उपकरणे केबलने जोडायच्या खाचेवर) आणि पोर्टवरचा डेटा हवेत पोहोचवायचा असतो, जेणेकरून दोन्ही खोल्यांतली सर्व उपकरणे एकाच नेटवर्कमध्ये राहतात आणि पहिल्या खोलीतल्या फोनवरून टोकाच्या खोलीतल्या प्रिंटरला छपाईचा आदेश देता येतो. सेटिंगच्या पानांवर या सोयीला डब्ल्यूडीएस, ब्रिज, रिपीटर किंवा क्लायंट अशी वेगवेगळी नावे आढळतात. वायफायच्या नेहमीच्या फ्रेममध्ये, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यात, तीनच मॅक पत्ते (उपकरणांचे ओळखक्रमांक) वापरले जातात. दुसऱ्या राउटरच्या मागे असलेल्या संगणकाचीही ओळख पलीकडे पोहोचावी यासाठी चौथा पत्ता लागतो आणि डब्ल्यूडीएस हाच चार पत्त्यांचा प्रकार वापरते. प्रत्येक कंपनीने तो आपल्या पद्धतीने अमलात आणला असल्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे राउटर कधी जुळतात, कधी जुळत नाहीत. दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर अडचणी पुष्कळ कमी होतात. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, जुना राउटर विकत घेणार असाल, तर दुकानातच तो सुरू करून त्याच्या वायरलेस सेटिंगमध्ये डब्ल्यूडीएस किंवा ब्रिजचा पर्याय आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून मगच पैसे द्यावेत.

कामाला हात घालण्यापूर्वी मुख्य राउटरच्या सेटिंगच्या पानावरून (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की ते उघडते) काही गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. त्याचा आयपी पत्ता, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, वायफायचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार, चालू चॅनेलचा क्रमांक, आणि डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय, कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत वाटप करते ती मर्यादा. पुढे मी मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ धरला आहे. तुमच्याकडे वेगळा असेल तर पहिले तीन आकडे त्याप्रमाणे बदलावेत.

याच वेळी मुख्य राउटरवर दोन बदल करावेत. पहिला बदल चॅनेलचा. तो ‘ऑटो’वर असेल तर राउटर स्वतःहून चॅनेल बदलतो आणि त्याच्या भरवशावर असलेला जुना राउटर मागे राहतो, म्हणून क्रमांक कायम करावा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. मुंबईतल्या कोणत्याही इमारतीत शेजाऱ्यांच्या नेटवर्कांची इतकी दाटी असते, की या तिन्हींपैकी त्यातल्या त्यात मोकळा निवडून रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवणेच हिताचे ठरते. ५ गिगाहर्ट्झ वापरता येत असेल तर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६५ यांपैकी चॅनेल घ्यावा. मधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत आणि रडारची चाहूल लागताच राउटरला तो चॅनेल सोडावा लागतो. हवामान खात्याचे एक सी-बँड रडार आपल्याच शहरात, अंधेरीजवळ वेरावलीला आहे, तेव्हा ही शक्यता केवळ पुस्तकी समजू नये.

दुसरा बदल सुरक्षेचा. जुन्या राउटरला डब्ल्यूपीए३ हा वायफायच्या सुरक्षेचा नवा प्रकार समजत नाही, त्यामुळे मुख्य राउटरवर डब्ल्यूपीए२ आणि डेटा सांकेतिक करण्याची एईएस ही पद्धत ठेवावी. टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडू नये, कारण ती असुरक्षित तर आहेच, शिवाय तिच्यामुळे वेग ५४ मेगाबिटच्या जुन्या मर्यादेत अडकतो.

आता दुसरा राउटर. तो टोकाच्या खोलीत नेऊन ठेवण्याची घाई करू नये. संपूर्ण जुळणी मुख्य राउटरच्या शेजारी, एकाच टेबलावर करावी, म्हणजे काही बिघडले तर सिग्नल कमी पडला की सेटिंग चुकले हा संभ्रम राहत नाही. रीसेटचे बटण टाचणीने साधारण दहा सेकंद दाबून धरावे, दिवे एकदम लुकलुकले की सोडावे. नंतर लॅपटॉपचे वायफाय बंद करून केबलने तो दुसऱ्या राउटरच्या लॅन पोर्टला जोडावा. बाहेरचे इंटरनेट जोडायचे वेगळ्या रंगाचे, बहुधा निळे, वॅन पोर्ट या कामात रिकामेच राहते.

सर्वांत आधी दुसऱ्या राउटरचा लॅन पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा आणि सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० ठेवावा. हा पत्ता मुख्य राउटरच्या डीएचसीपी मर्यादेच्या बाहेरचा असला पाहिजे. ती मर्यादा २ पासूनच सुरू होत असेल तर मुख्य राउटरवर ती १०० पासून सुरू करावी. सेव्ह करताच राउटर नव्या पत्त्यावर जातो आणि जुने पान उघडत नाही, त्यामुळे ब्राउझरमध्ये नवा पत्ता टाकून पुन्हा आत जावे.

यानंतर वायरलेस सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूडीएस किंवा ब्रिज सुरू करावा आणि शोधण्याचे बटण दाबावे. टीपी-लिंकच्या जुन्या पानांवर त्याचे नाव ‘सर्व्हे’ असे आहे. शेजाऱ्यांच्या नावांच्या यादीतून आपले नाव निवडताना मॅक पत्ताही जुळवून पाहावा, कारण एकाच कंपनीच्या डब्यांची मूळ नावे फार सारखी असतात. सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड मुख्य राउटरवर आहेत तेच द्यावेत, आणि चॅनेल आपण कायम केलेलाच आहे याची खात्री करावी. बहुतेक घरगुती राउटरांत ही जुळणी फक्त दुसऱ्या राउटरवर करावी लागते. काहींत ती दोन्हीकडे, एकमेकांचा मॅक पत्ता देऊन करावी लागते. दुसऱ्या राउटरच्या स्वतःच्या वायफायला आरंभी वेगळे नाव द्यावे, म्हणजे फोन नेमका कोणाला जोडला आहे ते तपासताना कळते.

सर्वांत शेवटी दुसऱ्या राउटरचे डीएचसीपी बंद करावे. हे पाऊल मुद्दाम शेवटी ठेवले आहे, कारण डीएचसीपी बंद होताच लॅपटॉपला त्या राउटरकडून पत्ता मिळणे थांबते आणि ब्रिज जुळलेला नसेल तर सेटिंगचे पानही उघडत नाही. तसे झालेच तर लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० हा पत्ता द्यावा आणि आत जाऊन चूक सुधारावी. पुन्हा रीसेट करण्याची गरज पडत नाही.

हे पाऊल विसरले तर काय होते ते मी अनुभवले आहे. पहिल्या प्रयत्नात मी सगळे सेटिंग करून दुसरा राउटर टोकाच्या खोलीत लावला आणि डीएचसीपी बंद करायचे राहून गेले. बहिणीचा संगणक लगेच नेटवर्कमध्ये आला खरा, पण इंटरनेट चालेना, आणि तासाभराने पहिल्या खोलीतल्या काकूंच्या फोनवरचे इंटरनेटही बंद पडले. काकू म्हणाल्या, “अरे, तिकडे काहीतरी लावलंस आणि इकडचं होतं तेही गेलं बघ.” त्यांचे निदान अचूक होते. दोन राउटर एकाच नेटवर्कमध्ये पत्ते वाटत होते, आणि ज्या उपकरणाला दुसऱ्याकडून पत्ता मिळे त्याला बाहेर जाण्याचे दार म्हणून १९२.१६८.१.२ सांगितले जाई, जेथे बाहेर जाणारे दार नव्हतेच.

म्हणून दोन्ही राउटर बंद करून पुन्हा चालू केल्यावर पत्ता तपासण्यास मी सर्वाधिक महत्त्व देतो. दुसऱ्या राउटरला जोडलेल्या संगणकावर नेटवर्कचा तपशील उघडावा. त्यात ‘गेटवे’ म्हणजे वर सांगितलेले बाहेर जाण्याचे दार. पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत असेल आणि गेटवे १९२.१६८.१.१ असेल तर ब्रिज नीट बसला आहे. गेटवे १९२.१६८.१.२ दिसला तर डीएचसीपी अजून चालू आहे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने डीएचसीपीला हाक मारली पण ती पलीकडे पोहोचलीच नाही. अशा वेळी पासवर्ड, सुरक्षेचा प्रकार आणि चॅनेल या तीन गोष्टी त्याच क्रमाने पाहाव्यात. टीपी-लिंकच्या ज्या मॉडेलांत स्टेटसच्या पानावर डब्ल्यूडीएसची अवस्था दिसते, तेथे ‘रन’ असे लिहून आलेले असावे; ‘स्कॅन’वरच ते अडकले असेल तर समोरचा राउटर त्याला सापडलेला नाही.

टेबलावर सर्व ठीक चालले की जागेचा विचार करावा, आणि माझ्या मते अर्धे यश येथेच ठरते. दुसरा राउटर जेथे इंटरनेट हवे आहे तेथे ठेवायचा नसतो, तर जेथे मुख्य राउटरचा सिग्नल अजून चांगला येतो तेथे ठेवायचा असतो. सिग्नल मोजण्यासाठी फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचे अ‍ॅप घ्यावे. त्यात उणे डीबीएममध्ये आकडा दिसतो. तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस. उणे ६५ किंवा त्याहून चांगला आकडा ब्रिजसाठी धरावा, उणे ७५ च्या पलीकडे जोडणी सतत तुटते.

आमच्या टोकाच्या खोलीत आतल्या भिंतीशी, बहिणीच्या टेबलावर, उणे ८२ येत होते, कारण सिग्नल चार घरांच्या जाड विटांच्या भिंती, लोखंडी कपाटे, भांड्यांच्या मांडण्या आणि पाण्याची पिंपे ओलांडून येत होता. तोच फोन गॅलरीकडच्या खिडकीत धरला तेव्हा आकडा उणे ७१ झाला. मग मुख्य राउटरही कपाटावरून काढून पहिल्या खोलीच्या गॅलरीकडच्या खिडकीशी आणला आणि टोकाला उणे ६० मिळाले. अंतर तेवढेच होते. फक्त सिग्नल आता भिंतींतून न जाता मोकळ्या गॅलरीतून सरळ येऊ लागला. खिडकीतून टेबलापर्यंत चार मीटरची केबल भिंतीच्या कडेने नेली, जी पूर्णपणे आपल्याच घरात आहे आणि जिच्यासाठी कोणाला विचारावे लागत नाही. फ्लॅटमध्येही हेच तत्त्व लागू पडते: पॅसेज, दाराची चौकट, डक्टकडची खिडकी अशा मोकळ्या वाटा शोधाव्यात, आणि फ्रिज, आरसा, मायक्रोवेव्ह यांना त्या वाटेतून वगळावे. अँटेना दोन्हीकडे उभ्या ठेवाव्यात. त्यांची टोके एकमेकांकडे रोखू नयेत, कारण अशा अँटेनाचा सिग्नल टोकातून नव्हे, तर बाजूंनी पसरतो. खिडकीत ठेवलेल्या राउटरवर पावसाची झड येणार नाही एवढी मात्र काळजी घ्यावी.

वेगाबद्दल अपेक्षा योग्य ठेवाव्यात. दुसरा राउटर एकाच रेडिओवर मुख्य राउटरशीही बोलत असेल आणि फोनलाही वायफाय देत असेल, तर प्रत्येक डेटा हवेतून दोनदा जातो आणि त्या वायफायवरचा वेग निम्म्याच्या आसपास येतो. केबलने जोडलेल्या संगणकाला हा तोटा होत नाही. म्हणून तेथे केवळ संगणक आणि प्रिंटरच असतील तर दुसऱ्या राउटरचे वायफाय, त्या मॉडेलमध्ये ब्रिज चालू ठेवून तशी सोय असल्यास, बंद ठेवावे. दोन बँडचा राउटर असेल तर ब्रिज ५ गिगाहर्ट्झवर आणि फोन २.४ वर अशी वाटणी करता येते. जुन्या स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात, त्यामुळे वरचे कनेक्शन ३०० चे असले तरी संगणकावर ९४ च्या आसपासच आकडा दिसेल आणि तो ब्रिजचा दोष मानू नये.

दोन्ही राउटरांच्या सेटिंगचे मूळ पासवर्ड बदलावेत आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडण्याची सोय, बंद करावे. दुसऱ्या राउटरच्या तळाला १९२.१६८.१.२ हा पत्ता कागदावर लिहून चिकटवावा, कारण वर्षभराने तो कोणाच्याही लक्षात राहत नाही. अ‍ॅडॉप्टरची अदलाबदल होऊ देऊ नये. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, काही १२ व्होल्टचे, आणि पिन मात्र दोन्हींत बसते. वीज जाऊन आल्यावर जुना राउटर लवकर सुरू होतो आणि फायबरच्या डब्याला तयार व्हायला काही मिनिटे लागतात. तोपर्यंत जुना राउटर मुख्य राउटरला शोधून थांबलेला असू शकतो. अशा वेळी सेटिंगला हात न लावता मुख्य राउटरचा इंटरनेटचा दिवा स्थिर होऊ द्यावा आणि मगच दुसरा राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू करावा.