परिचारिकेची नोकरी आणि कागदांचे दुखणे : ठाणे–नवी मुंबईतील उमेदवारांनी या चुका टाळाव्यात

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी प्रत्येकीला एक गोष्ट बजावली जाते, ती अशी की जे लिहिले नाही ते केलेच नाही असे धरले जाईल. रात्री दोनला दिलेल्या इंजेक्शनची वेळ तक्त्यावर नसेल, तर सकाळच्या हँडओव्हरला इन्चार्ज सिस्टर ते दिले गेले असे मानत नाहीत. रुग्णाच्या बाबतीत ही शिस्त पाळणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर स्वतःच्या नोकरीच्या बाबतीत मात्र ती साफ विसरतात. ठाणे आणि नवी मुंबईतील भरतीच्या मुलाखतींना मी बरीच वर्षे टेबलाच्या पलीकडे बसले आहे, आणि हाताला चांगले काम असलेले उमेदवार केवळ कागदामुळे परत जाताना मी इतके पाहिले आहेत की या लेखाचा बराचसा भाग कागदांनीच व्यापला आहे.

नोंदणी हातात नसताना अर्ज करणे

अंतिम वर्षाचा निकाल लागला म्हणजे आपण परिचारिका झालो, हा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय कोणतेही जबाबदार रुग्णालय स्वतंत्र ड्युटी देऊ शकत नाही, आणि एनएबीएच (रुग्णालयांच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय मंडळ) मानांकन असलेली रुग्णालये तर प्रत्येक परिचारिकेच्या नोंदणीची प्रत तिच्या फाइलला लावूनच तिला वॉर्डात पाठवतात. म्हणून निकाल लागताच नोंदणीचा अर्ज करावा आणि मुलाखतीला जाताना निदान अर्जाची पोच जवळ ठेवावी. नोंदणी एकदा झाली की जन्मभर पुरते असेही नाही. तिचे ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सततच्या परिचर्या शिक्षणाचे, म्हणजे सीएनईचे, गुण लागतात. रुग्णालयात होणाऱ्या प्रशिक्षणाला सही करून बसायचे आणि प्रमाणपत्र घ्यायचे राहून जायचे, हा प्रकार नूतनीकरणाच्या महिन्यात महागात पडतो. शिक्षण दुसऱ्या राज्यात झाले असेल, तर तिथल्या परिषदेकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन इथे नोंदणी वर्ग करावी लागते, आणि या कामाला लागणारा वेळ घरमालकाला भाडे सुरू होण्याची तारीख सांगण्याआधीच लक्षात घेतलेला बरा.

याच्याही आधीची चूक प्रवेशाच्या वेळी होते. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा पाट्या दिसतात. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे; सहा महिन्यांत परिचारिका करणारा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नाही. अशा वर्गातून बाहेर पडलेल्या मुलींना रुग्णसेविकेचे काम मिळते, त्या कामालाही मान आहे, परंतु त्यातून परिषदेची नोंदणी मिळत नाही आणि पुढचा रस्ता तिथेच बंद होतो.

नाव तीन ठिकाणी तीन प्रकारे

आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव येते. आधारवर तेच नाव वेगळ्या क्रमाने असते. लग्नानंतर बँकेत सासरचे आडनाव लागते, परिषदेच्या नोंदणीवर माहेरचे राहते आणि पासपोर्टवर तिसरेच काही. स्थानिक नोकरीत हे कसेबसे खपते. शासकीय भरतीत जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर माहेरच्या नावाचे व अर्ज सासरच्या नावाचा असला, की कागदपत्र पडताळणीच्या दिवशी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र शोधत धावावे लागते. आखाती देशांसाठी डेटाफ्लो या संस्थेकडून कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा तर कॉलेज, परिषद आणि रुग्णालय या तिन्ही ठिकाणांहून आलेले नाव एकमेकांशी ताडून पाहिले जाते, आणि एका अक्षराच्या फरकामुळे फाइल अडकून राहते.

यावर उपाय आहे, पण तो क्रमाने करावा लागतो. नाव बदलायचे की नाही हे आधी ठरवावे. न बदलणे हाही पूर्णपणे कायदेशीर आणि अनेकदा अधिक सोपा मार्ग आहे. बदलायचेच असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावे, मग आधार व पॅन, त्यानंतर परिषदेची नोंदणी आणि शेवटी पासपोर्ट, अशा क्रमाने सर्वत्र एकच नाव करून घ्यावे. अर्धे बदलून अर्धे तसेच ठेवणे हीच खरी अडचण आहे.

अनुभव आहे, पण दाखवता येत नाही

माझी पहिली नोकरी ठाण्यातल्या एका लहान नर्सिंग होममध्ये होती. पगार पाकिटातून रोख मिळत असे. दोन वर्षांनी निघताना डॉक्टरांनी लेटरहेडवर तीन ओळी लिहून दिल्या: यांनी आमच्याकडे काम केले, वागणूक चांगली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मी आनंदाने तो कागद लॅमिनेट करून घेतला. पुढे एका मोठ्या रुग्णालयात अर्ज केला, तेव्हा त्यावर रुजू झाल्याची तारीख नाही, सोडल्याची नाही, विभाग नाही, खाटांची संख्या नाही, एवढ्यावरच तो बाजूला ठेवला गेला. दुरुस्त करून आणायला गेले तर नर्सिंग होम बंद झाले होते आणि तिथे पडद्यांचे दुकान थाटले होते. बँकेत नोंद नाही, भविष्य निर्वाह निधीचे खाते नाही. ती दोन वर्षे माझ्या नोकरीत कधीच मोजली गेली नाहीत आणि मी नवखी म्हणूनच रुजू झाले.

म्हणून अनुभव प्रमाणपत्रात पूर्ण नाव, पदनाम, रुजू होण्याची व सोडण्याची तारीख, पूर्णवेळ काम केल्याचा उल्लेख, विभाग, रुग्णालयाची खाटांची संख्या आणि सही करणाऱ्याचे नाव, पद व शिक्का असलाच पाहिजे. विभाग बदलला असेल तर दोन्ही विभाग त्यांच्या कालावधीसह लिहून घ्यावेत, कारण ‘चार वर्षे स्टाफ नर्स’ या शब्दांपेक्षा ‘दीड वर्ष सर्जिकल वॉर्ड, अडीच वर्षे अतिदक्षता विभाग’ ही ओळ वाचणाऱ्याला कितीतरी अधिक सांगते. राजीनाम्याच्या नोटिशीचा काळ पूर्ण करावा आणि प्रमाणपत्र शेवटच्या दिवशीच हातात घ्यावे. ‘नंतर येऊन घेऊन जा’ यावर विसंबू नये.

चूक आधीच झालेली असेल, तर नेमणूकपत्र, बँकेच्या खात्यावर जमा झालेला पगार, फॉर्म १६ आणि यूएएन खात्याचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे, पासबुक हे मिळून बरीच कसर भरून काढतात. पासबुकावर मालकाचे नाव आणि महिनेवार भरणा दिसतो, त्यामुळे ते नाकारणे कोणालाही कठीण जाते. नर्सिंग ब्युरोमार्फत रुग्णाच्या घरी जाऊन केलेली सेवा मात्र बहुतेक रुग्णालये आणि परदेशी संस्था रुग्णालयातल्या खाटेजवळचा (बेडसाइड) अनुभव म्हणून धरत नाहीत. पैशाची निकड असेल तर ती जरूर करावी, परंतु त्यात दोन-तीन वर्षे घालवू नयेत.

मुलाखतीत ‘डॉक्टर सांगतात तसे करतो’

एकदा तीन वर्षे अतिदक्षता विभागात काम केल्याचे सांगणाऱ्या एका उमेदवाराला मी विचारले, पन्नास मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये चार मिलिग्रॅम नॉरअ‍ॅड्रेनालिन (रक्तदाब वाढवणारे औषध) भरले आहे आणि मिनिटाला पाच मायक्रोग्रॅम द्यायचे आहे, तर सिरिंज पंपावर ताशी किती मिलिलिटर लावाल? हात थबकला आणि उत्तर आले, “आमच्याकडे डॉक्टर सांगतात तो रेट लावतो.” हिशेब अवघड नाही. चार मिलिग्रॅम म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम, ते ५० मिलिलिटरमध्ये, म्हणून एका मिलिलिटरमध्ये ८०. मिनिटाला ५ म्हणजे तासाला ३००. तीनशेला ऐंशीने भागले की ताशी ३.७५ मिलिलिटर. अंतिम आकडा चुकला तरी चालते. टप्पे मोठ्याने बोलून दाखवणाऱ्या उमेदवाराला पॅनेल सहसा गमावत नाही, कारण चुकीची ऑर्डर आली तर ती अडवणारी शेवटची व्यक्ती पंपाजवळ उभी असलेली सिस्टरच असते.

दुसरा नेहमीचा प्रश्न असतो की कधी औषधाची चूक झाली का. ‘कधीच नाही’ हे उत्तर कोणालाही खरे वाटत नाही. चूक किंवा थोडक्यात टळलेली चूक, त्यानंतर कोणाला कळवले, रुग्णावर कसे लक्ष ठेवले आणि घटनेचा अहवाल कसा भरला, हे सरळ सांगावे. फक्त जुन्या रुग्णालयाचे किंवा रुग्णाचे नाव घेऊ नये.

मूळ प्रमाणपत्रे जमा करणे

पडताळणीसाठी मूळ कागद दाखवणे आणि ते ठेवून घेऊ देणे यांत फार अंतर आहे. काही ठिकाणी रुजू होतानाच मूळ नोंदणी प्रमाणपत्र कपाटात ठेवून घेतात आणि सोडताना बाँडची, म्हणजे ठरलेली मुदत पूर्ण न केल्यास भरायच्या कराराची, रक्कम मागतात. प्रती साक्षांकित करून द्याव्यात आणि मूळ देण्यास नम्रपणे नकार द्यावा. आधीच दिले असतील तर ते परत मागणारे पत्र लेखी द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि तरीही मिळत नसतील तर कामगार कार्यालयात आणि पोलिसांकडे तक्रार करावी. बाँडवर सही करण्याआधी रक्कम, मुदत आणि त्या बदल्यात कोणते प्रशिक्षण मिळणार हे वाचावे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते, आपोआप देय होणारी रक्कम नव्हे. त्यामुळे धास्ती न घेता बोलणी करता येतात.

पगार आणि प्रवास

हातात येणारा पगार, हॉस्टेलची कपात, महिन्यातल्या नाईट आणि एका सिस्टरमागे किती रुग्ण, हे चार प्रश्न रुजू होण्याआधी विचारावेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने दोनशेपेक्षा अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयांत शासकीय परिचारिकांइतका, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही किमान २०,००० रुपये पगार असावा, अशी शिफारस केली होती. सर्वत्र ती पाळली जात नाही, पण बोलणी करताना ती माहीत असावी.

प्रवासाचा विचार तर क्वचितच कोणी करतो. दिव्याला राहणारी मुलगी बेलापूरची नोकरी पत्करते, ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स हार्बर पकडते, आणि सकाळच्या ड्युटीला आठवड्यातून दोनदा रिलीव्हरला ताटकळत ठेवते. महिनाभरात ती सोडते आणि अर्जावर एक न सांगता येणारी फट राहते. ड्युटीच्या वेळेला एकदा जाऊन पाहावे, एवढे पुरते.

शासकीय आणि परदेशी संधी

राज्य शासनाच्या अधिपरिचारिका पदाची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये आहे, आणि एम्सच्या नॉर्सेट परीक्षेतून मिळणाऱ्या नर्सिंग ऑफिसर पदाचे मूळ वेतन ४४,९०० पासून सुरू होते. खाजगी नोकरी करता करता या परीक्षा देता येतात. जाहिरातीतील वयाची गणना कोणत्या तारखेला आहे हे न पाहता शुल्क भरणे, ही इथली सर्वाधिक दिसणारी चूक आहे.

परदेशासाठी एजंटाला लाखाच्या घरात पैसे दिल्याच्या कहाण्या अजूनही येतात. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी घेता येतो, आणि ब्रिटनच्या भरतीसाठी तर तिथल्या आचारसंहितेनुसार उमेदवाराकडून भरती शुल्क घेण्यास मनाई आहे. नोकरीसाठी जाण्याआधी भारत सरकारची मंजुरी लागणाऱ्या ज्या १८ देशांच्या यादीत बहुतेक आखाती देश येतात, तिथे जाण्यासाठी परिचारिकांना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून ती मंजुरी घ्यावी लागते. त्याच पोर्टलवर एजंटाचा परवाना क्रमांक आणि त्याची मुदत दिसते. ‘व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देतो’ असे सांगणाऱ्याकडे आधी तो क्रमांक मागावा, आणि तो पोर्टलवर सापडेपर्यंत पासपोर्ट स्वतःच्याच पर्समध्ये ठेवावा.