थकबाकीदार शून्य? एका नलची करामत

एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शिकायला निमित्त हवं म्हणून सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब एक्सेलमधून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणला. 64 फ्लॅट, वर पावत्यांचं एक टेबल. ज्यांचा नंबर पावत्यांत नाही ते फ्लॅट काढायला सरळ 'नॉट इन' (यादीत नसलेले) लिहिलं. उत्तर: शून्य ओळी. म्हणजे सगळ्यांनी पैसे भरले? आमच्या सोसायटीत? सेक्रेटरी काका हसतच सुटले.

दोन संध्याकाळी जॉईन, स्पेलिंग, डेटा टाईप चाळण्यात गेल्या. शेवटी आतली सबक्वेरी, म्हणजे पावत्यांतल्या फ्लॅट नंबरांची यादी, एकटीच 'डिस्टिंक्ट' (प्रत्येक नंबर एकदाच) आणि 'ऑर्डर बाय' (क्रमाने) लावून चालवली. 42 ओळी, आणि तळाशी एक कोरी! बाहेरच्या कुणीतरी हॉल भाड्याने घेतला होता, त्या पावतीला फ्लॅट नंबर कुठून असणार?

ही कोरी जागा म्हणजे नल (null). नल म्हणजे शून्य नव्हे, 'माहीत नाही'. 302 हा त्या 'माहीत नाही'पेक्षा वेगळा आहे का, याचं उत्तर 'हो'ही नाही आणि 'नाही'ही नाही. तेही 'माहीत नाही'च. आणि 'व्हेअर' (क्वेरीतली अट) फक्त 'हो'वाल्या ओळी पुढे सोडतो. यादीत एकच नल असला की 'नॉट इन' कुणालाच बाहेर सोडत नाही. नुसतं 'इन' मात्र जुळणाऱ्या ओळी बरोबर देतं, म्हणून शंकाच येत नाही.

त्याऐवजी 'नॉट एक्झिस्ट्स' (ज्यांची जुळणारी पावतीच नाही) लिहिलं, 23 फ्लॅट हजर. त्यात काकांचाही होता, पण ते असो. हॉलभाडं मग 'इतर जमा' या वेगळ्या टेबलमध्ये हलवलं आणि पावत्यांच्या फ्लॅट नंबरला 'नॉट नल' (कोरं चालणार नाही) लावून टाकलं.